साखरपुड्याचा मोबाईल: नात्यातली हिंसा पोरापोरींना गोष्टीतून कशी सांगायची

पहिलं सत्र घेतलं तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप होता, कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर होता आणि ‘हिंसेचे प्रकार’ अशा मथळ्याच्या स्लाइडा होत्या. केज तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीच्या पन्नासेक मुली सतरंजीवर बसलेल्या. चौथ्या स्लाइडला लाईट गेली. मुली आपापसांत कुजबुजायला लागल्या. मी घाबरले, प्रोजेक्टरचा नाद सोडला आणि सरळ सुरुवात केली, “एका गावात एक मुलगी होती, नुकतंच लग्न झालेलं...” वर्ग असा गप्प झाला की बाहेरच्या हापशाची खडखड ऐकू यायला लागली.

ती गोष्ट खरी होती, जवळच्याच गावातली. मी नाव तेवढं बदललं होतं. पुढच्या रांगेत त्या मुलीची मावसबहीण बसली होती, हे मला चार दिवसांनी कळलं. तोपर्यंत बोलणं सासरी पोचलं होतं. “गावभर आमची इज्जत घालवलीस” म्हणून तिचा फोन काढून घेतला. मी माफी मागायला गेले तर मला दारातूनच परत लावलं.

त्यानंतर बीड, लातूर, परभणीकडच्या शाळांत, कॉलेजांत, वस्त्यांवर बरीच सत्रं घेतली आणि आणखी बऱ्याच चुका केल्या. तुम्ही शिक्षक असाल, आशाताई असाल, कॉलेजात एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम बघत असाल किंवा गावात किशोरींचा गट चालवत असाल, तर निदान माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. गोष्टीच्या आधी मदतीची वाट नक्की करा

बहुतेक जण हे शेवटी करतात किंवा करतच नाहीत. गोष्ट चांगली रंगली तर सत्र संपल्यावर एखादी मुलगी चपला शोधायच्या निमित्ताने मागे थांबणारच. तिला कुठं न्यायचं हे तुम्हाला त्या क्षणी ठाऊक नसेल तर गोष्ट सांगूच नका. हे मी कडक शब्दांत सांगते आहे, कारण तिनं एकदा तोंड उघडलं आणि समोरच्याला काही करता आलं नाही, तर ती पुन्हा कुणापुढं उघडेल याची खात्री नाही.

जमवायची कागदं आणि नंबर:

- मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची लेखी परवानगी. तोंडी ‘या की मॅडम’ पुरत नाही. उद्या एखाद्या पालकानं शाळेत येऊन आवाज चढवला तर तोंडी परवानगी कुणालाच आठवत नाही.
- अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र. विषय लपवू नका, पण शब्द नीट निवडा. ‘नातेसंबंध आणि सुरक्षितता’ चालतं. ‘प्रेमप्रकरण’ हा शब्द पत्रात आला की अर्ध्या मुली त्या दिवशी शेतात कामाला जातात.
- शाळेतल्या सखी सावित्री समितीत, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीत, कोण आहे ते विचारून घ्या. २०२२ च्या शासन निर्णयानं ही समिती आली. काही ठिकाणी ती चांगली चालते, काही ठिकाणी ती फलकापुरती असते. कोणत्या प्रकारातली आहे ते आधीच कळलेलं बरं.
- चाइल्ड हेल्पलाइन १०९८, महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, मनावरचा ताण बोलायला टेलिमानस १४४१६.
- तुमच्या भागाचे (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे) संरक्षण अधिकारी, हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांचे नंबर. नुसते वहीत उतरवू नका. प्रत्येकाला एकदा स्वतः फोन लावून बघा. मी एकदा असा नंबर एका मुलीला दिला होता, तो निघाला झेरॉक्सच्या दुकानाचा.
- ग्रामसेवकाचा (आता ग्रामपंचायत अधिकारी) नंबर. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी त्यांच्यावर आहे.

विषय नात्यातल्या हिंसेचा, मग बालविवाहाचा नंबर कशाला, असं वाटेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हाच आकडा ४८ टक्के होता. शहरातली पुस्तिका ‘बॉयफ्रेंड’ म्हणते तिथं आपल्याकडच्या पुष्कळ मुलींच्या डोळ्यांपुढं नवरा नाहीतर होणारा नवरा येतो. गोष्ट बांधताना हे विसरलं की मुली ऐकतात, पण ‘हे दुसऱ्यांचं’ म्हणून ऐकतात.

२. गट, जागा आणि हंगाम

एका गटात पंधरा ते वीस जण. तेरा ते पंधराचा गट वेगळा, सोळा ते अठराचा वेगळा, कॉलेजचा वेगळा. पहिली दोन सत्रं मुलींची आणि मुलांची स्वतंत्र ठेवा. एकत्र बसवायची घाई केली की मुली ओढणीचं टोक पिरगाळत बसतात आणि मुलं कोपरं मारून हसतात.

जागा म्हणून मारुतीचा पार कितीही सोयीचा वाटला तरी नको. तिथं मुली बसत नाहीत, आणि बसल्या तर बोलत नाहीत. शाळेचा मागचा वर्ग, समाजमंदिर, एखाद्या बचतगटाची खोली चालते. खिडकीत डोकावणारी बारकी पोरं हाकलायला एक माणूस लागतो, म्हणून जोडीनं जा. दुसऱ्या माणसाचं खरं काम वेगळं आहे: तुम्ही गोष्ट सांगत असताना कुणाचा चेहरा उतरला, कोण उठून बाहेर गेलं, हे बघणं.

बीड, धारूर, वडवणी, गंगाखेड या पट्ट्यात काम करणार असाल तर ऊसतोडीचं वेळापत्रक आधी बघा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ज्या मुली आईबापांबरोबर फडावर जातात त्या, आणि ज्या आजीपाशी मागं राहतात त्या, दोघींनाही या विषयाची गरज जास्त. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळे जोडी लवकर जुळवायची घाई मुकादम आगाऊ देतो त्या उचलीशी बांधलेली असते. मी पहिली सत्रं जुलै ते सप्टेंबरमध्ये घेते आणि मागं राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं सुरू झाली की तिथं दुसरी फेरी करते.

सामान फार नाही: सतरंजी, खडू, मूठभर चिंचोके, एकसारखे कागद, एकाच रंगाचे पेन, झाकणाचा बिस्किटांचा डबा. प्रोजेक्टर घरी ठेवा.

३. गोष्ट बांधा, उचलू नका

खरी घटना डोक्यात असणारच. ती वितळवून पुन्हा ओतायची. माझा नियम असा की नाव, गाव, काम, नातं आणि शेवट, या पाचही गोष्टी बदलल्याशिवाय ती सत्रात येत नाही. आडनाव कुणालाच द्यायचं नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते, आणि जात कळली की वर्गातले निम्मे जण सुटकेचा श्वास टाकतात: ‘त्यांच्यात असतंच तसलं.’ पात्राचं नाव गटातल्या कुणाचंही नको. हजेरीपट आधी मागून घ्या.

सुरुवात मारहाणीनं करू नका. मारहाणीनं सुरू झालेली गोष्ट ऐकताना प्रत्येकजण ठरवतो की हे आपल्याकडे नाही. जिथं सगळ्यांना गोड वाटतं तिथून सुरू करा. मुलगाही राक्षस नको. तो कष्टाळू असू दे, घरी पैसे पाठवणारा असू दे. ऐकणाऱ्यांना तो आवडला पाहिजे.

आकडे पाठ करून घ्यायचे तर तेही गोष्टीतच पेरा. मी पूर्वी हेल्पलाइनची छोटी कार्डं वाटायचे. एका मुलीच्या दप्तरात ते कार्ड भावाला सापडलं आणि तिला तासभर उलटतपासणीला तोंड द्यावं लागलं. तेव्हापासून माझ्या गोष्टीतल्या एसटीचा नंबर १०९८ आहे आणि नायिकेचा रोल नंबर १८१.

सध्या मी सांगते ती गोष्ट थोडक्यात देते. जशीच्या तशी वापरली तरी चालेल, पण तुमच्या भागाचं बोलणं त्यात घाला.

रूपा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. रोल नंबर १८१. रोज सकाळी सव्वासातची एसटी, गाडी नंबर १०९८, तीच खिळखिळी, जिची मागची खिडकी कधीच लागत नाही. शेजारी कायम कोमल. तुळशीच्या लग्नानंतर रूपाचा साखरपुडा झाला. मुलगा अविनाश, चाकणला कंपनीत. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. साखरपुड्यात त्यानं तिला मोबाईल दिला, कव्हरसकट. गल्लीतल्या बाया बघून गेल्या.

रोज रात्री नऊला फोन. जेवलीस का, कशाची भाजी होती. आई भांडी घासता घासता हसायची, “लई जीव लावतंय पोरगं.”

महिन्याभरानं एकदा फोन उशिरा लागला. “कोणासंगं बोलायलीस? मघापासून बिझी लागायलंय.”

“कोमलसंगं.”

“कोमलचा नंबर पाठव.” तिनं पाठवला.

मग व्हिडिओ कॉल. “मागं कोण हाय, दाखव.” तिनं फोन फिरवून खोली दाखवली. भिंत, कणगी, झोपलेली आजी. पहिल्या दिवशी दोघंही हसले.

संक्रांतीला तो वाण घेऊन आला तेव्हा त्यानं तिचं व्हॉट्सॲप आपल्या फोनला जोडून घेतलं. “आपल्यात काय लपवायचंय?” कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिच्या गटाचा नाच होता. “आमच्या भावकीत कळलं तर?” तिनं नाव काढून घेतलं. कोमल म्हणाली, “तू बदललीस.” रूपा म्हणाली, “तुला नाही कळायचं.”

एका संध्याकाळी फोन चार्जिंगला आणि रूपा मळ्यात. परत आली तेव्हा तेवीस मिस्ड कॉल. सकाळी स्टँडवर बघते तर अविनाश. रात्रभर गाडी चालवत आलेला. त्यानं तिला रसवंतीच्या मागं ओढलं, मनगट असं आवळलं की साखरपुड्याच्या बांगड्या फुटल्या, रक्त आलं. मग तोच रडायला लागला. “तुझ्यावर जीव हाय म्हणून राग येतो गं.” त्यानं दोन ग्लास रस सांगितला, तिच्या ग्लासात बर्फ नको म्हणून सांगितलं, कारण तिचा घसा दुखतो हे त्याच्या ध्यानात होतं.

१०९८ लागली. रूपाचा एक पाय पायरीवर. मनगटावर ओढणी गुंडाळलेली. मागच्या न लागणाऱ्या खिडकीत कोमल बसलेली, तिनं सगळं बघितलेलं. कंडक्टर म्हणाला, “पोरी, येणार का राहणार?”

४. इथं थांबा

थांबणं सगळ्यात अवघड. सांगणाऱ्याला शेवट सांगायची खाज असते, मलाही आहे. शेवट सांगितला की मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

थांबल्यावर खडूनं जमिनीवर एक रस्ता काढा. रस्त्यावर गोष्टीतले टप्पे लिहा: मोबाईल, रात्रीचा फोन, कोमलचा नंबर, ‘मागं कोण’, व्हॉट्सॲप, गॅदरिंग, तेवीस कॉल, रसवंती. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. प्रश्न एकच: जीव लावणं कुठं संपलं आणि जीव खाणं कुठं सुरू झालं? तिथं चिंचोका ठेवा.

पहिल्या खेपेला बहुतेक चिंचोके रसवंतीपाशी पडतात. एखादी मुलगी मात्र थेट ‘कोमलचा नंबर’ वर ठेवते. तिला ‘शाब्बास’ म्हणू नका. म्हटलं की बाकीच्या आपापले चिंचोके उचलून तिच्या शेजारी ठेवतात आणि वाद तिथंच मरतो. तिला नुसतं विचारा, “तिथं का गं?” मग रसवंतीवालीला विचारा. वीस-पंचवीस मिनिटं हे चालू द्या. चिंचोके हळूहळू मागं सरकतात. सगळेच सरकत नाहीत. एकदा एका मुलीनं शेवटपर्यंत आपला चिंचोका रसवंतीवरून हलवला नाही. “मारलं नाही तोवर हिंसा कशी?” मी तो तसाच राहू दिला.

विचारायचे प्रश्न: कोमलनं आता काय करावं? कंडक्टरला काय दिसलं असेल? आईनं ‘जीव लावतंय’ म्हटलं तेव्हा रूपाला काय वाटलं असेल?

न विचारायचा प्रश्न: रूपानं सहन का केलं? हा प्रश्न नव्या कार्यकर्त्याच्या तोंडून हमखास निघतो. गटात जिच्यावर हे बेतलेलं असतं तिला तो थेट लागतो.

“तिचीच चूक, घरी सांगायचं ना,” असं कुणीतरी म्हणणारच. रागावू नका, तोच धागा ओढा. “घरी सांगितलं तर काय होईल?” मग बाकीच्या मुलीच सांगतात: कॉलेज बंद होईल, मोबाईल जाईल, साखरपुडा मोडला तर नाव पोरीचं जाईल, म्हणून लग्नाची तारीखच अलीकडं आणतील. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला घर. आपल्या भागातली बरीचशी शांतता या दोन भिंतींच्या मधली आहे, हे मला पुस्तकातून समजलं नव्हतं, अशा एका वादात समजलं. त्यामुळे ‘विश्वासू मोठ्या माणसाला सांगा’ हे वाक्य फळ्यावर लिहून मोकळं होऊ नका. कोणतं मोठं माणूस? मामी? आत्या? शाळेतल्या बाई? गटाकडून नातं काढून घ्या. आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा मामी निघते.

५. आजीच्या ओव्या

कुणी म्हणेल की हे विषय बाहेरून आलेले. त्यावर माझा उपाय: पुढच्या सत्राला येताना प्रत्येकीनं घरातल्या किंवा शेजारच्या म्हातारीकडून सासुरवासाची एक ओवी आणायची. जाती अडगळीत गेली, पण साठीच्या पुढच्या बायांना ओव्या पाठ असतात. गंगाखेडची जनाबाई ज्या मुलखातली, त्याच मुलखातल्या या बाया. नवऱ्याचा फोक, सासूचं उपाशी ठेवणं, माहेरी न्यायला मुराळी भाऊ न येणं, सगळं त्यांत आहे, आणि ते त्यांनी पहाटे दळताना मोठ्यानं म्हटलेलं आहे.

ओवी आणताना दोन पथ्यं. म्हातारीला कशासाठी हवी ते सांगायचं. आणि तिनं ‘नको गं बाई’ म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

भारूडाचाही चांगला उपयोग होतो. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात सासरला कावलेली सून येते आणि लोक पोट धरून हसतात. हसत हसत बोलायची ही वाट गावकीला ओळखीची आहे, त्यामुळे ज्या ग्रामपंचायतीत ‘हिंसा’ या शब्दाला कपाळावर आठ्या येतात तिथं भारूडाला सभामंडप मिळतो. मात्र मुलांना भारूड बसवायला दिलं तर मार खाणाऱ्या बाईचं सोंग विनोदी होतंय का, यावर नजर ठेवा. एकदा माझ्यासमोर तसं झालं आणि बायाही हसल्या. मीही हसले, हे कबूल करते.

६. मुलांचा गट

मुलांना तीच गोष्ट सांगा, पण रूपाकडून नको. चाकणच्या खोलीतल्या रूममेटकडून सांगा. तो बघतोय: अव्या रात्री अडीचला फोनमधला हिरवा ठिपका बघत बसलाय, जेवलेला नाही, सकाळी पहिली शिफ्ट. “ऑनलाइन हाय आन उचलंना गेलीय.” मग अव्या गाडीची किल्ली घेतो.

इथं थांबायचं. रूममेट काय म्हणेल? शब्द न् शब्द सांगायचा, ‘समजावेन’ असं चालणार नाही.

पहिली दहा मिनिटं टवाळी. “आपली हाय, विचारणारच की.” “म्हणावं, दुसरी बघ.” चालू द्या. मग कुणीतरी खरं बोलतं. रेणापूरकडच्या एका गटात एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, “मी किल्ली लपवीन आन म्हणीन, झोप अव्या, सकाळी बघू.” सगळे हसले. पण नंतर तासभर आम्ही त्याच वाक्यावर बोलत होतो, कारण वर्गातल्या प्रत्येकाला ते जमण्यासारखं होतं. दोस्ताला ‘तू हिंसक आहेस’ म्हणणारा मुलगा मला आजवर भेटलेला नाही.

मुलांपैकी काही जणांनी घरी आईला मार खाताना पाहिलेलं असतं. काहींना स्वतःलाच जोडीदाराकडून धमक्या, जिवाचं बरंवाईट करीन असे मेसेज आलेले असतात. त्यांना बोलायला अजून कमी जागा. म्हणून पुढची पायरी दोन्ही गटांत सारखीच ठेवा.

७. चिठ्ठ्यांचा डबा

सत्राच्या शेवटी सगळ्यांना एकसारखा कागद, एकाच रंगाचा पेन. सगळ्यांनी लिहायचं, ज्याला काही लिहायचं नाही त्यानं कालच्या जेवणातली भाजी लिहायची. हे महत्त्वाचं आहे. फक्त ‘ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी’ लिहायचं ठेवलं की कोण लिहितंय हे वर्गभर दिसतं. नाव नाही. ज्याला माणूस भेटायला हवं आहे त्यानं कोपऱ्यात फुली आणि भेटायची सोयीची जागा लिहायची.

डबा शाळेत ठेवून येऊ नका. माझा एक डबा शिपायानं उघडला होता.

८. जी मागं थांबते तिच्याशी

“सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही.” एवढं आधी बोला, मग ऐका. सल्ला शेवटी.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. हे गोष्टीच्या आधी, सगळ्यांसमोरच सांगून टाका: तुमच्यातल्या कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं कळलं तर मला काही माणसांना सांगावं लागेल, पण आधी तुझ्याशी बोलेन. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराखालच्या व्यक्तीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे (कलम १९). न देणं हा गुन्हा आहे (कलम २१). अठराखाली ‘संमती होती’ हे त्या कायद्यात धरलं जात नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

करू नका: मुलाला फोन लावणं. दोन्ही घरच्यांना बोलावून ‘मिटवून घेणं’. तिचे फोटो किंवा मेसेज स्वतःच्या फोनवर मागवणं. तिला ते काही पुसू नकोस एवढंच सांगा. आणि तिच्या मनगटावरचा वळ बघून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर आवरा. मला एका मुलीनं नंतर सांगितलं, “तुम्ही रडलात म्हणून मी पुढचं सांगितलं नाही.”

९. कायदा चिमटीभर

गोष्टीच्या मधे कायदा घालू नका. शेवटी पाच मिनिटं पुरे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही रूपं आहेत. चिंचोका रसवंतीवरून न हलवणाऱ्यांना हे ऐकून खरंच आश्चर्य वाटतं. हा कायदा एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या नात्यांसाठी आहे, त्यामुळे रूपासारखीला, जिचं लग्न अजून व्हायचं आहे, तो सहसा लागत नाही. तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पाठलागाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत बाईचा इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्क न्याहाळत राहणं हेही पाठलागात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे वाचून दाखवलं की कुणाचा तरी हात आपोआप स्वतःच्या मोबाईलकडे जातो.

१०. गोष्ट दुरुस्त करत राहा

प्रत्येक सत्रानंतर वहीत तीन ओळी लिहा: कुठं शांतता पडली, कुठं हसले, कुणी काय बदलायला सांगितलं. नावं लिहायची नाहीत. आठ-दहा दिवसांत दुसरं सत्र घ्याच. पहिल्या सत्रात बोलणारे वेगळे असतात आणि दुसऱ्यात बोलणारे वेगळे.

माझ्या गोष्टीला सुरुवातीला एक ठरलेला शेवट होता. तो मी दुसऱ्या सत्रात सांगायचे: रूपा एसटीत चढते, मोबाईल बंद करते, तो परत पाठवते, सुटते. मला तो आवडायचा. अंबाजोगाईजवळच्या एका गावात तो सांगितल्यावर भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तिला फोन बंद करायला लावू नका. फोन बंद झाला की तो गाडी काढून येतो.” तिच्या हाताला मेंदी होती. वर्गात कुणी तिच्याकडं वळून बघितलं नाही, यावरून सगळ्यांना ठाऊक होतं हे माझ्या लक्षात आलं. सत्र संपल्यावर ती चपला शोधत थांबली.

आता माझ्या गोष्टीत रूपा एकदम काही तोडत नाही. एसटीत ती कोमलच्या शेजारी बसते. दोघी मिळून मामीला फोन करतात, कोमलच्या मोबाईलवरून. रूपाचा फोन चालूच राहतो, रात्री नऊला ती ‘जेवले’ म्हणते. मामा-मामी गावात येऊन राहतात, पोलीस ठाण्यात अर्ज जातो, आणि मग ज्या दिवशी घरात चार माणसं असतात त्याच दिवशी व्हॉट्सॲपची जोडणी काढली जाते. मोबाईल कव्हरसकट मामाच्या हातून परत जातो. लांबण लागते, टाळ्या पडत नाहीत, आणि मुली मधेच विचारतात की मामी नसती तर काय. त्यावर पुढचं अख्खं सत्र जातं.

गाडीचा नंबर तेवढा तोच ठेवला आहे.